घोडं कुठे पेंड खातंय

खल्फान म्हणाला, माफी कुव्वा.
माफी म्हणजे नाही. जोर नाही.
नवा होतो तेव्हा मला वाटायचं
इथली माणसं ऊठसूट क्षमा मागतात.

उम्म अल कुवैनची खाडी, सकाळचे सहा,
शर्ट आधीच पाठीला चिकटलेला,
दोनशे घोड्यांचं इंजिन
आणि काटा बेचाळीसशेवर अडलेला.
साडेपाच हजारांपुढे जायला हवा.
गुरगुरतो, थरथरतो, तिथेच.

आमच्या जयगडला म्हणतात,
घोडं कुठे पेंड खातंय ते आधी बघ.
इथे घोडी दोनशे.
कोणाकोणाच्या तोंडात बघू?

आधी फिल्टर. वाटीच्या तळाशी
पाण्याचा मणी, वाटाण्याएवढा.
पाणी मुरतंय, म्हणालो, आणि एकटाच हसलो.
नोआखालीचा शमसुल फडकं धरून उभा,
त्याला यातलं काय कळणार.
फिल्टर बदलला. बेचाळीसशे.

मग टाकीची हवेची नळी.
पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यावी लागते,
नाहीतर टाकी आतल्या आत घुसमटते
आणि कोणाला सांगत नाही.
नळीच्या तोंडाशी कुंभारमाशीचं घर,
सुबक, मातीचं, ओल कधीच गेलेली.
वाटलं, हीच ती माशी, इथेच शिंकली.
तारेने घर फोडलं. (तसं फोडायला नको वाटतं.)
बेचाळीसशे पन्नास.

प्लग काढले, पुसले, एक बदलला.
पंख्याची पाती हाताने चाचपली, कुठे वाकलंय का.
बोट वर ओढली, बुडाला
कालवांचा जाड थर,
शमसुल नि मी दुपारभर खरवडत होतो,
बोटांची सालं गेली.
खल्फान सावलीत करक चहा पीत
म्हातारं कंबरडं चोळत बसला होता.
संध्याकाळी पुन्हा पाण्यात.
हँडल त्याच्याच मुठीत, नेहमीसारखं,
दुसऱ्या कोणाला तो हात लावू देत नाही.
मी मागे, कान इंजिनला लावून.
बेचाळीसशे.

रात्री खाटेवर पडल्या पडल्या उमगलं.
दोन दिवस मी घोडी तपासतोय,
लगाम कुठवर ढिला होतो
ते पाहिलंच नाही.

पहाटे एकट्याने खोका उघडला.
आत, हँडलच्या दांड्याआड,
निळ्या रबरी चपलेचा तुकडा.
ब्लेडने तासलेला, नीट कोन दिलेला,
ग्रीस लावून बसवलेला.
अशी पाचर मारायला मला
तीन वर्षं उमेदवारी करावी लागली होती.

धक्क्यावर हुमैद बसला होता,
खल्फानचा नातू, असेल नऊ वर्षांचा,
पाय अंगाखाली दुमडून.
ड्रायव्हर लोकांकडून शिकलेल्या हिंदीत हळूच म्हणाला,
फुल स्पीडला नाळ वर उठते, पुढचं दिसत नाही,
मग आजोबा उभे राहतात.
एका हाताने धरून.

एवढंच. पुढे काही बोलला नाही.
मी तुकडा हातात फिरवला.
टाचेचा होता. अजून तिथे
एका छोट्या टाचेचा खळगा होता.

परत बसवला. वर थोडं ग्रीस, माझ्याकडून.

खल्फानला सांगितलं, पंख्याचा पीळ जास्त आहे,
दुसरा मागवावा लागेल, वेळ लागेल.
किती?
लागेल, अरबाब.
त्याने पैसे मोजले, वर दोन दिऱ्हाम जास्त,
हँडल धरलं, सुकाणूमागे बसला. बसूनच.
दोर सोडता सोडता माझ्याकडे न बघता म्हणाला,
गेल्या साली यापेक्षा पातळ होती.
पोराचा पाय वाढतोय.

आणि बेचाळीसशेवर
अगदी सावकाश नाही, पण
नाळ खाली ठेवून,
पुढचं सगळं दिसेल अशी
बोट खाडीबाहेर पडली.